पडद्यावरची मोटार आणि रस्त्यावरचा सारथी

मोटारींची मोठी प्रदर्शने भरतात तेव्हा विकाऊ गाड्यांपेक्षा न विकावयाच्या गाड्यांभोवतीच अधिक गर्दी लोटते. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी मोटार कशी असेल याचा एकच नमुना कारखाना घडवतो, तो फिरत्या चौथऱ्यावर उभा करतो, त्यावर प्रकाशझोत सोडतो आणि पाहणाऱ्याचे डोळे दिपवून टाकतो. या नमुन्याला संकल्पना-मोटार म्हणतात. पूर्वी तिचे सारे नावीन्य बाह्यांगात असे. विमानासारखे पंख, काचेचा घुमट, बाणासारखे नाक यांनीच लोक मोहून जात. अलीकडे मात्र ते नावीन्य आत शिरून थेट चालकाच्या नजरेसमोर, डॅशबोर्डवर येऊन बसले आहे. काटे आणि कळा यांची जागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेल्या काचेने घेतली आहे आणि मोटारीचे मोल इंजिनाइतकेच त्या काचेमागच्या सॉफ्टवेअरवर ठरू लागले आहे.

या दूरदेशीच्या खेळाशी आम्हां गोमंतकीयांना काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, आज जे चौथऱ्यावर दिसते ते दहा-पंधरा वर्षांत आपल्या अंगणातील गाडीत येते. आषाढातल्या धारांत चोर्ला घाट उतरणाऱ्या चालकाचा हात वायपरची कळ शोधत असताना ती जागेवर सापडते की पडद्यावरच्या तिसऱ्या पानावर दडलेली असते, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा नाही. तो त्या गाडीत बसलेल्या माणसांच्या जिवाचा आहे. म्हणूनच या विषयाचा थोडा साकल्याने विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

डॅशबोर्ड हा शब्दच मुळी घोडागाडीच्या काळातला आहे. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूला जी फळी ठोकीत, तिचे हे नाव. घोडे गेले, फळी राहिली. पुढे तिच्यावर वेग, तेल, उष्णता दाखवणारी यंत्रे बसली. पहिली संकल्पना-मोटार म्हणून जिचा सामान्यतः उल्लेख होतो ती ब्यूइक वाय-जॉब १९३८ साली जनरल मोटर्सच्या हार्ले अर्ल यांनी घडवली. त्याच कंपनीने १९५८ मध्ये फायरबर्ड-३ नावाची मोटार सिद्ध केली. तिच्यात स्टिअरिंगचे चाक नव्हतेच. दोन आसनांच्या मध्ये एक दांडा होता. तो पुढे रेटला की वेग वाढे, मागे ओढला की ब्रेक लागे आणि डावी-उजवीकडे कलवला की गाडी वळे. १९७२ साली जिनेव्हाच्या प्रदर्शनात जॉर्जेत्तो ज्युजारो यांच्या मासेराती बूमरँगने आणखी एक चमत्कार दाखवला. तिची सारी यंत्रे स्टिअरिंगच्या मध्यभागी स्थिर होती आणि चाक तेवढे त्यांच्याभोवती फिरत होते. हे दोन्ही प्रयोग कल्पकतेचे उत्कृष्ट नमुने होत, यात शंका नाही. पण आज साठ-सत्तर वर्षांनीही जगातील बहुसंख्य चालकांच्या हातात गोल चाकच आहे. जे हाताला सवयीचे झाले, ते सोडावयास माणूस सहजासहजी तयार होत नाही आणि त्याच्या त्या हट्टात पुष्कळदा शहाणपणही असते.

हे शहाणपण कारखानदारांना दोन वेळा महागात पडून शिकावे लागले. १९७६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात अ‍ॅस्टन मार्टिनची लॅगोंडा अवतरली. विल्यम टाउन्स यांनी आखलेल्या या गाडीत काट्यांऐवजी उजळणारे आकडे आणि दाबावयाच्या कळांऐवजी नुसत्या स्पर्शाने चालणाऱ्या कळा होत्या. त्या इलेक्ट्रॉनिक करामतीने कारखान्याची अशी काही दमछाक केली की, ग्राहकांच्या हाती गाड्या पडावयास १९७९ साल उजाडले आणि पुढेही त्या आकड्यांची पद्धत एकाहून अधिक वेळा बदलावी लागली. दुसरा धडा १९८६ चा. ब्यूइक रिव्हिएरा या गाडीत दूरचित्रवाणीसारखी काचनळी असलेला, बोटाच्या स्पर्शाने चालणारा पडदा बसवण्यात आला. रेडिओ, वातानुकूलन आदी अनेक गोष्टी त्या पडद्यावरून चालवावयाच्या होत्या. साधा रेडिओ लावण्यासाठी रस्त्यावरची नजर काढून पडद्यावर लावावी लागते, ही तक्रार ग्राहकांनी इतक्या वेळा केली की १९९० च्या गाडीतून तो पडदा कंपनीने काढूनच टाकला. म्हणजे आज आपण ज्याला नवा प्रश्न समजतो, तो चार दशकांपूर्वी विचारला गेला होता आणि त्याचे उत्तरही मिळाले होते.

मग तो पडदा परत कसा आला? एक तर मोटारीतली कामे वाढली. नकाशा, दूरध्वनी, संगीत, मागचा रस्ता दाखवणारा कॅमेरा, विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बॅटरीचा हिशेब या प्रत्येकासाठी एकेक कळ लावावयाची तर समोरची फळी हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी भरून जाईल. २००१ साली बी.एम.डब्ल्यू. कंपनीने शेकडो कामे एका फिरत्या गोल बटणात आणि एका पडद्यात कोंबली तेव्हा ग्राहक वैतागले. पण वाट मात्र पडली. दुसरे कारण हातातल्या दूरध्वनीचे. काचेवर बोट फिरवावयाची सवय साऱ्या जगाला लागली आणि २०१२ मध्ये टेस्लाच्या मॉडेल एस गाडीत सतरा इंचांचा उभा पडदा आला. तिसऱ्या कारणाचा उच्चार प्रदर्शनात होत नाही, पण तेही तितकेच खरे आहे. पन्नास वेगवेगळ्या कळा घडवणे, त्यांच्या तारा ओढणे, त्या बसवणे यापेक्षा एक काच बसवणे आणि पुढचे सारे सॉफ्टवेअरवर सोपवणे कारखान्याला सोयीचे आणि बहुधा स्वस्तही पडते. ग्राहकाला ज्याची ऐट म्हणून विक्री होते, ती पुष्कळदा कारखान्याची काटकसर असते.

एकदा वाट पडल्यावर कल्पनेला धरबंध राहिला नाही. २०२० च्या जानेवारीत लास व्हेगास येथे मर्सिडीजने ‘अवतार’ चित्रपटाच्या कर्त्यांच्या सहकार्याने व्हिजन ए.व्ही.टी.आर. ही मोटार मांडली. तिच्यात चाक नाही. मध्यावरच्या मऊ उंचवट्यावर तळवा ठेवला की गाडी चालकाचे श्वास आणि नाडी ओळखते, आणि हात उचलला की तळव्यावर प्रकाशाची चिन्हे उमटतात. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने १४१ सेंटिमीटर रुंदीचा काचेचा पट विकाऊ गाडीसाठी जाहीर केला. २०२३ च्या जानेवारीत बी.एम.डब्ल्यू.ने आय व्हिजन डी या नमुन्यात समोरची सबंध काचच माहितीचा पडदा करून दाखवली. त्या कल्पनेचा संयत अवतार २०२५ च्या सप्टेंबरात आय.एक्स.३ या गाडीत आला. आता तो काचेच्या तळाशी एका पट्टीपुरता आहे. स्वप्न अडीच-पावणेतीन वर्षांत बाजारात येते ते असे. येताना ते थोडे शहाणे होऊन आले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

हे पडदे घडवणाऱ्यांचे कामही जाणून घेण्यासारखे आहे. नाटकाच्या नेपथ्यात राजवाड्याचे खांब पुठ्ठ्याचे असले तरी चालते, कारण त्यांच्यावर छप्पर तोलावयाचे नसते. संकल्पना-मोटारीचा पडदाही पुष्कळदा असाच असतो. त्यावर हलणारी चित्रे आधी रचून ठेवलेली असतात आणि प्रेक्षकाला दिसतो तो त्यांचा प्रयोग. त्या प्रयोगातील चालक कधी घाईत नसतो, त्याचे मूल मागे रडत नसते, उन्हाची तिरीप काचेवर पडत नसते. त्यासाठी लागणारी हत्यारेही खेळाच्या दुनियेतून आली आहेत. संगणकावरील खेळ रचण्यासाठी जन्मलेली अनरिअल इंजिन ही प्रणाली २०२० पासून मोटारीच्या पडद्यांसाठीही वापरात आली. चित्रे विलोभनीय दिसतात ती त्यामुळे.

रस्त्यावरच्या मोटारीचे काम मात्र वेगळ्या शिस्तीने चालते. वेग, ब्रेकमधील बिघाड, दाराची उघडझाप हे दाखवणारा भाग क्षणभरही अडकून चालत नाही. गाणे अडकले तर फारसे बिघडत नाही. म्हणून पहिला भाग ठरल्या क्षणी ठरलेले काम करणाऱ्या क्यू.एन.एक्स.सारख्या प्रणालीवर आणि दुसरा अँड्रॉइडसारख्या प्रणालीवर, अशी विभागणी बहुधा केली जाते. दोन्ही एकाच संगणकावर नांदली तरी ती एका छपराखालची दोन बिऱ्हाडे असतात आणि मध्ये पक्की भिंत असते. मोटारीतील विद्युत-संगणक यंत्रणा कितपत भरवशाची असावी याचे आय.एस.ओ. २६२६२ हे आंतरराष्ट्रीय मानक २०११ मध्ये आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. लाल दिवा म्हणजे धोका, पिवळा म्हणजे सावधान, निळा म्हणजे प्रखर दिवे चालू, ही चिन्हांची भाषाही जगभर जवळजवळ एकच ठेवण्यात आली आहे. हे सारे रुक्ष, अदृश्य काम आहे. त्यावर प्रकाशझोत पडत नाही, पण छप्पर तोलून धरणारे खांब हेच.

या खांबांना तडा गेला की काय होते याचे उदाहरण २०२१ साली मिळाले. अमेरिकेत टेस्लाला सुमारे १,३५,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. पडद्यामागील संगणकाच्या स्मरणचकतीवर सतत लिहिले जाऊन ती झिजत होती. ती निकामी झाली की पडदा विझे आणि त्याबरोबर मागचा कॅमेरा आणि काचेवरील धुके घालवण्याची सोयही जाई. पूर्वी एक कळ बिघडली तर एक काम अडत असे. आता एक चकती झिजली तर दहा कामे अडतात.

परंतु पडदा व्यवस्थित चालू असतानाही जो धोका असतो, तो अधिक मोठा आहे. २०२२ मध्ये व्ही बीलेगारे या स्वीडिश मोटार-नियतकालिकाने एक साधी पण बोलकी चाचणी घेतली. अकरा नव्या गाड्या आणि २००५ सालची, कळांची, जुनी व्हॉल्वो व्ही-७० अशा बारा गाड्या एका धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने चालवून प्रत्येक चालकाला चार किरकोळ कामे सांगण्यात आली. आसनाची ऊब सुरू करणे, रेडिओचे केंद्र लावणे, अशा प्रकारची ही कामे होती. जुन्या व्हॉल्वोत ती १० सेकंदांत उरकली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या एम.जी. गाडीत त्यांनाच ४४.६ सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर धावली. सव्वा किलोमीटरहून अधिक अंतर चालकाचे चित्त रस्त्यावर आणि पडद्यावर असे दुभंगलेले होते! अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्येच असे सुचवले होते की, कोणत्याही एका कामासाठी नजर एका वेळी दोन सेकंदांहून अधिक आणि सर्व मिळून बारा सेकंदांहून अधिक रस्त्यावरून हटू नये. सूचना ऐच्छिक होती. तिचे पुढे काय झाले ते बाजारात दिसतेच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. आपल्या गावातील शाळेच्या फाटकापुढचा रस्ता मनात आणावा, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

आणि ज्या वायपरचा आम्ही आरंभी उल्लेख केला, तो काल्पनिक नाही. जर्मनीत भर पावसात पडद्यावर वायपरची गती बदलू पाहणाऱ्या एका टेस्ला-चालकाची गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. कार्ल्सरूह येथील उच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याच्यावरील २०० युरोंचा दंड आणि महिनाभराची वाहनबंदी कायम केली. चालवताना रस्त्यावरची नजर क्षणमात्राहून अधिक हटवून उपकरणाचा पडदा हाताळणे तेथील नियमांनुसार दंडनीय आहे. मग तो पडदा कारखान्याने बसवलेला का असेना. न्याय झाला. पण वायपर पडद्यावर नेणाऱ्याला दंड झाला नाही, हेही नोंदवून ठेवावयास हवे.

समुद्राशी नाते असलेल्या आपल्यासारख्यांना दुसरे एक उदाहरण अधिक भिडेल. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची ‘जॉन एस. मॅकेन’ ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक प्राणांस मुकले. सुकाणू आणि इंजिनाची गती पडद्यावरून चालत होती. नियंत्रण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेले आहे हेच खलाशांना उमगले नाही. सुकाणू निकामी झाले असा त्यांचा समज झाला. अपुरे प्रशिक्षण हे एक कारण होतेच, पण चौकशीत त्या पडद्याच्या रचनेवरही ठपका आला आणि २०१९ मध्ये नौदलाने हाताने ढकलावयाचे दांडे परत बसवण्याचे ठरवले. रात्रीच्या अंधारात आपला तांडेल सुकाणूकडे पाहत नाही. ते कोठे आहे, किती वळले आहे, हे त्याच्या तळव्याला कळते आणि नजर लाटेवर राहते. मोटारीच्या कळेचाही गुण तोच. ती डोळ्यांचे काम हाताला करू देते आणि डोळे रस्त्यासाठी मोकळे ठेवते. सपाट काचेला उंचसखलपणा नाही. तेथे हात आंधळा होतो.

आम्ही पडद्याचे वैरी नाही. मागचा रस्ता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने उलट जाणाऱ्या गाडीखाली सापडणारी मुले वाचतात. अनोळखी गावात नकाशा सोबत करतो. सॉफ्टवेअरमधील दोष गाडी कारखान्यात न नेता दूर करता येतो आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, ही म्हाताऱ्या डोळ्यांची मोठीच सोय आहे. काही भारतीय गाड्या आता मराठीतून दिलेली आज्ञाही ओळखतात. हे सर्व पडद्यामुळे आणि सॉफ्टवेअरमुळे शक्य झाले. आमचे म्हणणे इतकेच की, गाडी उभी असताना करावयाची कामे पडद्यावर खुशाल जावीत. धावत्या गाडीत क्षणात करावी लागणारी कामे हाताखालीच राहिली पाहिजेत.

जगात वारे आता त्याच दिशेने वळू लागले आहेत. मोटारींच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेला नियम जानेवारी २०२६ पासून अमलात आला. वळण्याचा दिवा, धोक्याचा दिवा, हॉर्न, वायपर आणि संकटसमयी मदत मागण्याची सोय यांसाठी स्वतंत्र कळा नसतील तर गाडीचे गुण कापले जातात. फोक्सवॅगननेही रोजच्या महत्त्वाच्या कामांच्या कळा नव्या गाड्यांत परत आणण्याचे २०२५ मध्ये सांगितले.

आता हा प्रश्न आपल्या घरापाशी येतो. मोटारीचे सॉफ्टवेअर ही आज पुण्याचीही ओळख आहे. केपीआयटीसारखी मराठी माणसांनी उभारलेली कंपनी जगातील मोटार-कारखान्यांसाठी हेच काम करते. महिंद्रने १५ ऑगस्ट २०२२ रोजी इंग्लंडमध्ये दाखवलेल्या बीई.०५ या संकल्पनेची मोटार चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली आहे. टाटांनी त्याच वर्षी अविन्या ही संकल्पना मांडताना पडद्यांचा सोस कमी करून आवाजावर भर देण्याचा विचार मांडला, तो आम्हांस स्वागतार्ह वाटतो. खुद्द गोव्यात, सत्तरीतील होंडा येथे १९८० मध्ये स्थापन झालेली ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवा बसगाड्यांचे सांगाडे घडवते. तेव्हा चालकासमोर काय असावे हे ठरवणारे लोक फक्त परदेशांत बसतात, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही.

या लोकांना आमचे सांगणे असे की, परदेशी नमुन्याची नक्कल करण्यापूर्वी इकडच्या रस्त्याची आठवण ठेवावी. आपली गाडी उजवीकडून चालते, म्हणून मधला पडदा चालकाच्या डाव्या हाताला येतो आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुसंख्यांना तो डाव्या बोटाने चालवावा लागतो. बोटातील सूक्ष्म विद्युत्‌भारावर चालणारी ती काच ओल्या हाताने गोंधळते, आणि आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. इकडे भाड्याने घेतलेली अनोळखी गाडी चालवणारे पर्यटक शेकड्यांनी असतात. त्यांना पडद्यावरची पाने वाचून गाडी शिकावयास वेळ नसतो. आवाजाने चालणाऱ्या गाडीला शहरी प्रमाणभाषेइतकीच पेडण्याची आणि काणकोणची बोलीही कळली पाहिजे. एरव्ही चालकाला आपल्याच गाडीशी परभाषेत बोलावे लागेल.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली किती पडद्यापायी, हा हिशेब कोणी मांडलेला नाही आणि आम्हीही मांडत नाही. रस्ते, वेग, मद्य, हेल्मेटचा कंटाळा ही कारणे मोठीच आहेत. पण जेथे मृत्यू इतका स्वस्त आहे, तेथे त्याला आणखी एक दार उघडून देणे हे कोणत्या प्रगतीत बसते? १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप योजनेत गाडी आदळल्यावर माणसे कितपत वाचतात याची परीक्षा होते. गाडी आदळूच नये म्हणून चालकाचे डोळे रस्त्यावर किती राहतात, याचीही परीक्षा तीत यावी. वायपर, दिवे, हॉर्न आणि काचेवरचे धुके घालवण्याची सोय यांना स्वतंत्र कळ हवी, अशी अट केंद्र सरकारने घालावी. ग्राहकानेही गाडी घेताना पडदा किती इंचांचा असे विचारण्याऐवजी, डोळे मिटून वायपर लावता येतो का हे विक्रेत्याच्या समोर करून पाहावे.

कुरुक्षेत्रावर श्रीकृष्णाने शस्त्र न धरण्याचा पण केला. लगाम मात्र हाती घेतला. सारथ्याचा धर्म तेवढाच आहे. उद्याच्या मोटारी खुशाल नाडी ओळखोत, तळव्यावर चित्रे काढोत. पण चालक म्हणून माणूस बसलेला आहे तोवर त्याचा हात लगामावर आणि नजर वाटेवर राहील अशीच त्यांची घडण असली पाहिजे. याहून अधिक काही आम्ही मागत नाही, आणि याहून कमी काही पत्करण्याचेही कारण नाही.